फाइल हाताळणी व दोषनिवारण, पर्ल भाषेतील

संगणकाच्या तबकडीवर साठविलेली माहिती उघडणे, वाचणे, तिच्यात फेरफार करणे व ती पुन्हा सुरक्षितपणे लिहून ठेवणे या क्रियांना फाइल हाताळणी असे म्हणतात. या क्रिया चालू असताना उद्भवणारे बिघाड वेळीच ओळखणे, ते नोंदविणे आणि मूळ माहितीला धक्का न लागता पूर्वस्थितीस येणे यास दोषनिवारण म्हणता येईल. मजकुरावर प्रक्रिया करण्यासाठी मुद्दाम रचलेल्या पर्ल या मुक्तस्रोत संगणकभाषेत या दोन गोष्टींचा निकट संबंध आहे. या भाषेत थोड्या ओळींची आज्ञावली हजारो पानांच्या मजकुरात क्षणार्धात बदल घडवून आणू शकते. अर्थात ती तितक्याच त्वरेने मजकूर बिघडवूही शकते. आज्ञावली मध्येच बंद पडली, तर वापरणाऱ्यास बिघाड तत्काळ कळतो. याउलट काम निर्वेधपणे पार पडल्याचा आभास निर्माण करून अपुरा किंवा चुकीचा मजकूर मागे ठेवणारा बिघाड वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही. म्हणून फाइल हाताळणीच्या शास्त्रात चूक टाळण्याइतकेच चूक लपू न देण्याला महत्त्व आहे.

पर्ल भाषेची पार्श्वभूमी : लॅरी वॉल या अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी डिसेंबर १९८७ मध्ये पर्लची पहिली आवृत्ती प्रसृत केली. वॉल यांनी भाषाशास्त्राचेही अध्ययन केलेले होते. मोठ्या मजकूर-फाइलींतून हवी ती माहिती वेचणे व तिचे अहवाल तयार करणे, हा या भाषेचा मूळ उद्देश होता. भाषेची आजही वापरात असलेली पाचवी पिढी १९९४ मध्ये अवतरली. इतर लेखकांनी तयार केलेली उपयुक्त विभागसाधने (मॉड्युले) एकत्र ठेवणारे ‘सीपॅन’ हे जागतिक भांडार १९९५ मध्ये सुरू झाले. सहाव्या पिढीचा म्हणून हाती घेतलेला प्रकल्प स्वतंत्र भाषा ठरून २०१९ पासून ‘राकू’ या नावाने ओळखला जातो. १९९१ मधील चौथ्या आवृत्तीपासून पर्ल दुहेरी परवान्याखाली मिळते; तिची मूळ संहिता कोणासही वाचता, बदलता व वाटता येते. आज्ञावली एखाद्या फाइलीशी नेमके काय करते याची तपासणी त्रयस्थ माणसालाही करता येते, हे दोषनिवारणाच्या दृष्टीने या मोकळेपणाचे फलित होय.

पुण्यातील पाठ-फाइली : या विषयाचे व्यावहारिक महत्त्व पुणे शहराच्या उदाहरणावरून चांगले स्पष्ट होते. येथे निर्माण झालेल्या वा येथील संस्थांशी निगडित असलेल्या मजकूर-फाइलींचे ठळकपणे तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार प्राचीन ग्रंथांच्या संगणकीय पाठांचा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. तिच्यासाठी १,२५९ हस्तलिखितांचा उपयोग करण्यात आला. या आवृत्तीचा पाठ जपानमधील क्योतो येथील मुनेओ तोकुनागा व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर उतरविला. केंब्रिज येथील जॉन डी. स्मिथ यांनी त्याचे संशोधन केले आणि १९९९ मध्ये हा संगणकीय पाठ भांडारकर संस्थेच्या स्वामित्वाधिकारासह अभ्यासकांस उपलब्ध झाला. दुसरा प्रकार ‘इस्की’ या भारतीय लिपिसंकेतनातील फाइलींचा. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक (प्रगत संगणन विकास केंद्र) या संस्थेच्या ‘जिस्ट’ तंत्राने हे संकेतन प्रचारात आणले व भारतीय मानक म्हणून ते १९९१ मध्ये निश्चित झाले. तिसरा प्रकार मुद्रणव्यवसायातील फाँट-संकेतनांचा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेची ‘श्री-लिपि’ ही प्रणाली मराठी मुद्रणालयांत सर्वत्र परिचित आहे. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांतील मजकूर आता ⟶ युनिकोड या जागतिक संकेतनात आणावा लागतो. अशा रूपांतराचे काम पर्ल आज्ञावल्यांना सोयीचे असते आणि त्यातील धोकेही याच कामात स्पष्टपणे दिसतात.

फाइल उघडणे : आज्ञावली तबकडीला स्वतः स्पर्श करीत नाही. ती परिचालन प्रणालीस (संगणकाची सर्व साधने चालविणाऱ्या मूलभूत आज्ञावलीस) विनंती करते व तिच्याकडून ‘फाइल-मूठ’ मिळविते. पुढील सर्व वाचन-लेखन या मुठीच्या द्वारे होते. पर्लमध्ये या विनंतीस ‘ओपन’ असा शब्द आहे. ती करताना मुठीचे नाव, उघडण्याची रीत व फाइलीचे नाव अशा तीन गोष्टी द्याव्यात. रीत चिन्हांनी दाखवितात : वाचनासाठी ‘<’, नव्याने लेखनासाठी ‘>’ आणि शेवटी भर घालण्यासाठी ‘>>’. जुन्या आज्ञावल्यांत रीत व नाव एकाच शब्दात जोडून देण्याचा प्रघात होता. त्यात फाइलीच्या नावाच्या टोकाला उभी रेघ असल्यास पर्ल ते नाव न मानता चालवावयाची आज्ञा समजत असे. परक्याने पाठविलेल्या फाइलीच्या नावातूनही असा अपघात घडू शकतो. त्रिपदी रूपाने हा धोका नाहीसा झाला. हे रूप २००० मधील ५·६ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे.

‘ओपन’ ही विनंती फेटाळली जाऊ शकते. नाव चुकलेले असते, फाइल वाचण्याची परवानगी नसते किंवा तबकडी जोडलेली नसते. अशा वेळी पर्ल आपण होऊन थांबत नाही. ती केवळ ‘असत्य’ असे उत्तर देते व पुढची ओळ चालवू लागते. येथेच मूक बिघाडाचा उगम होतो. न उघडलेल्या फाइलीतून वाचू गेल्यास एकही ओळ मिळत नाही, वाचनाचे आवर्तन लगेच संपते, फलिताची फाइल रिकामी राहते आणि आज्ञावली सुखरूप संपल्याचे दिसते. यावरील उपाय म्हणजे प्रत्येक ‘ओपन’च्या पुढे ‘नाहीतर थांब’ या अर्थाची ‘ऑर डाय’ ही जोड देणे. या जोडीच्या संदेशात फाइलीचे नाव आणि परिचालन प्रणालीने दिलेले कारण ही दोन्ही असावीत. ते कारण ‘$!’ या चलात मिळते. मात्र ते लगेच टिपून घ्यावे लागते. मध्ये दुसरी विनंती केल्यास तिच्या कारणाने पहिले पुसले जाण्याचा संभव असतो.

लेखनाच्या रीतीत आणखी एक सापळा आहे. ‘>’ या रीतीने फाइल उघडताच तिच्यातील पूर्वीचा सर्व मजकूर नाहीसा होतो. त्यासाठी एकही अक्षर लिहावे लागत नाही. म्हणून ज्या फाइलीतून वाचावयाचे तीच ‘>’ या रीतीने उघडली, तर वाचण्यास काही उरत नाही.

लेखन व बंद करणे : ‘प्रिंट’ या आज्ञेने लिहिलेली ओळ त्याच क्षणी तबकडीवर पोहोचत नाही. ती प्रथम संगणकाच्या स्मृतीतील एका साठवण-पात्रात (बफरमध्ये) पडते आणि काही हजार बाइट जमल्यावर पुढे ढकलली जाते. तबकडी भरलेली असली तरी ‘प्रिंट’ पुष्कळदा यशस्वी झाल्याचे कळविते, कारण तिच्या दृष्टीने ओळ पात्रात पडलेली असते. खरा अडथळा पात्र रिते होताना, बहुधा फाइल बंद करताना, उघड होतो. म्हणून ‘क्लोज’ या आज्ञेचे उत्तर तपासणे ‘ओपन’च्या उत्तराइतकेच आवश्यक आहे. प्रत्यक्षात पुष्कळ आज्ञावल्यांत उघडण्याची तपासणी आढळते आणि बंद करण्याची आढळत नाही. लांब ग्रंथाच्या अखेरची काही पाने गहाळ होण्याचे हे एक नेहमीचे कारण होय. परिचालन प्रणालीही आपल्या परीने लेखन लांबणीवर टाकते. वीजपुरवठा खंडित होण्याची भीती असेल तेथे ‘सिंक’ या विनंतीने मजकूर प्रत्यक्ष तबकडीवर उतरवून घेणे इष्ट असते.

जागच्या जागी बदल : आज्ञा देतानाच फाइलीत परस्पर बदल करण्याची सोय पर्लमध्ये आहे. ‘आय’ या अक्षराच्या पर्यायाने ती मिळते. शेकडो फाइलींतील एखादा शब्द एका ओळीच्या आज्ञेने बदलता येत असल्याने ही सोय फार लोकप्रिय झाली. तथापि दीर्घकाळ तिची अंतर्गत रीत धोक्याची होती. काम सुरू होताच मूळ फाइल काढून टाकली जाई व त्याच नावाने नवी फाइल लिहिली जाई. मूळ फाइल तोवर उघडी असल्याने वाचन चालू राही. परंतु मध्येच तबकडी भरली वा आज्ञावली थांबली, तर जुनी प्रत गेलेली आणि नवी अर्धवट, अशी अवस्था होई. पर्यायापुढे राखीव प्रतीसाठी पुच्छनाम दिले, तरच जुनी प्रत शिल्लक राही. २०१८ मधील ५·२८ या आवृत्तीत ही रीत सुधारण्यात आली. आता नवा मजकूर प्रथम तात्पुरत्या फाइलीत लिहिला जातो आणि ती यशस्वीपणे बंद झाल्यानंतरच मूळ फाइलीची जागा घेते. जुनी आवृत्ती असलेल्या संगणकांवर पहिला धोका कायम आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे.

हीच सुरक्षित रीत आज्ञावलीत स्वतः अवलंबिता येते. तिच्या पायऱ्या अशा : (१) मूळ फाइल केवळ वाचनासाठी उघडणे, (२) त्याच निर्देशिकेत तात्पुरत्या नावाची फाइल निर्माण करणे, (३) सर्व मजकूर तीत लिहून प्रत्येक पायरीचे उत्तर तपासणे, (४) ती बंद करून पडताळणे, (५) ‘रीनेम’ या आज्ञेने तिला मूळ नाव देणे. युनिक्स व लिनक्स या परिचालन प्रणालींत एकाच तबकडी-व्यवस्थेतील नामांतर अविभाज्य असते. म्हणजे वाचणाऱ्यास संपूर्ण जुनी किंवा संपूर्ण नवी फाइल मिळते. अर्धी कधीही मिळत नाही. दुसऱ्या पायरीतील ‘त्याच निर्देशिकेत’ या अटीचे कारण हेच. तात्पुरती फाइल दुसऱ्या तबकडीवर असेल तर ‘रीनेम’ अयशस्वी होते. ‘फाइल-टेम्प’ या साधनाने निर्माण केलेली फाइल फक्त निर्मात्यालाच वाचता येते. म्हणून नामांतरापूर्वी तिला मूळ फाइलीचे परवाने लावावे लागतात. अन्यथा इतरांस ती एकाएकी बंद होते.

चुका पकडणे : पर्लमध्ये चुकीची वार्ता देण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. ‘वॉर्न’ ही आज्ञा इशारा देऊन काम पुढे चालू ठेवते, तर ‘डाय’ काम तेथेच थांबविते. ‘डाय’चा आघात सबंध आज्ञावलीवर होऊ न देता मर्यादित करावयाचा असल्यास धोक्याचा भाग ‘इव्हॅल’ या कोशात ठेवतात. कोशातील काम कोलमडले तर त्याचा संदेश ‘$@’ या चलात येतो व आज्ञावली पुढे चालू शकते. २००९ मधील ५·१०·१ या आवृत्तीपासून ‘ऑटोडाय’ हे साधन भाषेसोबत मिळते. ते आरंभी घोषित केल्यास ‘ओपन’, ‘क्लोज’, ‘रीनेम’ इ. आज्ञा अपयश येताच आपण होऊन थांबतात. ‘प्रिंट’ मात्र त्याच्या कक्षेत येत नाही. इतर भाषांतून परिचित असलेली ‘ट्राय-कॅच’ ही रचना २०२१ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आली व २०२४ मधील ५·४० या आवृत्तीत स्थिर झाली.

साधने कोणतीही असोत, कोणत्या चुकीवर थांबावे व कोणत्या चुकीनंतर पुढे जावे, हा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. सर्वसाधारण नियम असा की, साधनांतील बिघाडावर (तबकडी भरणे, परवानगी नसणे, लेखन फसणे) त्वरित थांबावे, कारण पुढील प्रत्येक ओळ त्याच बिघाडात सापडणार असते. मजकुरातील दोषावर (एखादी ओळ अपेक्षित घाटात नसणे) ती ओळ तशीच राखून तिची फाइलनाव व ओळक्रमांकासह नोंद करावी आणि पुढे जावे. दोष दिसताच त्याची परस्पर ‘दुरुस्ती’ करणारी आज्ञावली सर्वांत घातक ठरते. पाठचिकित्सेच्या शास्त्रात हे तत्त्व फार पूर्वीच मान्य झाले आहे. वि. सी. सुखटणकर यांच्या संपादकत्वाखाली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत जो पाठ पूर्ण निश्चित नव्हता त्याखाली नागमोडी रेघ छापली गेली. संपादकांनी स्वतः सुचविलेल्या शब्दास तारकाचिन्ह देण्यात आले व टाकलेले पाठभेद तळटीपांत जतन झाले. संपादकाचा हस्तक्षेप कोठे झाला आहे हे वाचकास प्रत्येक ठिकाणी दिसते. चांगल्या आज्ञावलीची दोष-नोंदवही हेच कार्य करते. याच्या नेमके उलट वर्तन म्हणजे ‘इव्हॅल’मध्ये चूक पकडावयाची आणि ‘$@’कडे न पाहता पुढे जावयाचे. अशा कोशात चूक सापडत नाही, ती पुरली जाते.

लिपिसंकेतनातील चुका : संगणकास अक्षरे ठाऊक नसतात, फाइल म्हणजे बाइटांची (शून्य ते २५५ या मर्यादेतील संख्यांची) केवळ माळ असते. ‘इस्की’त देवनागरीचे प्रत्येक मूळ चिन्ह एका बाइटाने दर्शविले जाते, तर युनिकोडच्या ‘यूटीएफ-८’ या रूपात त्यास तीन बाइट लागतात. फाइल कोणत्या संकेतनात आहे हे पर्लला स्पष्ट सांगावे लागते. २००२ मधील ५·८ या आवृत्तीपासून ते ‘ओपन’च्या रीतीतच सांगता येते. न सांगितल्यास पर्ल प्रत्येक बाइट हे स्वतंत्र अक्षर समजते. असा मजकूर पुढे ‘यूटीएफ-८’ म्हणून लिहिल्यास ‘क’ या अक्षराच्या तीन बाइटांचे सहा होतात व पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. सदोष बाइट आढळल्यास पर्ल सामान्यतः इशारा देऊन त्याच्या जागी त्याचे अंकरूप घालते व पुढे जाते. इशाऱ्याकडे दुर्लक्ष झाल्यास ते अंक मजकुराचा भाग बनून राहतात. म्हणून मोलाच्या पाठासाठी सदोष बाइट येताच थांबण्याचा कडक पर्याय निवडावा. ‘इस्की’चा आणखी एक विशेष असा की, भारतातील अनेक लिप्यांना तेच बाइट वापरले जातात व लिपी कोणती ते एका स्वतंत्र निर्देशक-संकेताने ठरते. फाइलीच्या आरंभीचा तुकडा गळाल्यास उरलेला मजकूर कोणत्या लिपीचा, हे निव्वळ बाइटांवरून सांगता येत नाही.

याहून सूक्ष्म चुका देवनागरीच्या लेखनरीतीतून उद्भवतात. मुद्रणाच्या फाँट-संकेतनांत चिन्हे दिसण्याच्या क्रमाने साठविलेली असतात. त्यामुळे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर येतो. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असल्याने वेलांटी व्यंजनानंतर व रफाराचा ‘र्’ अक्षराच्या आधी ठेवावा लागतो. ‘स्थिती’सारख्या शब्दात वेलांटी एका व्यंजनापलीकडे नव्हे, तर संपूर्ण जोडाक्षरापलीकडे न्यावी लागते. केवळ एका अक्षराची अदलाबदल करणारी आज्ञावली साध्या शब्दांत अचूक ठरते आणि जोडाक्षरात फसते.

मराठीपुरता विशेष प्रश्न अर्ध्या र-काराच्या चंद्राकृती रूपाचा आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन भिन्न शब्द आहेत. पहिल्यात गुरुजन अभिप्रेत आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. युनिकोडमध्ये हे रूप दोन रीतींनी लिहिले जाते. एकीत नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरतात, तर दुसरीत ‘र्’ व ‘य’ यांच्यामध्ये स्वतः न दिसणारे एक जोडचिन्ह ठेवतात. अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून काढून टाकणारी साफसफाईची आज्ञावली दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या मजकुरात आचाऱ्यांचे आचार्य करते आणि डोंगरांच्या जागी समुद्र आणते. येथे एकही बाइट सदोष नसतो, कोणताही इशारा मिळत नाही आणि झालेला शब्द शुद्ध मराठीच असतो. अशी चूक यंत्राच्या लक्षात येणे शक्य नसते. भाषा जाणणाऱ्या माणसाने नियम आधीच घालून द्यावा लागतो.

सामायिक वापर व खंडित काम : दोन आज्ञावल्या एकाच वेळी एका फाइलीत लिहू लागल्यास एकीचे लेखन दुसरीकडून पुसले जाते. हे टाळण्यासाठी ‘फ्लॉक’ या आज्ञेने कुलूप लावतात. युनिक्स पद्धतीत हे कुलूप केवळ संकेतवजा असते. ते पाहण्याची शिस्त सर्व आज्ञावल्यांनी पाळली तरच त्याचा उपयोग होतो. तसेच नामांतराच्या रीतीने फाइल बदलावयाची असल्यास कुलूप त्याच फाइलीवर न लावता वेगळ्या कुलूप-फाइलीवर लावावे. तसे न केल्यास वाट पाहत असलेल्या दुसऱ्या आज्ञावलीच्या हाती जागेवरून निघालेल्या जुन्या फाइलीचे कुलूप पडते.

दीर्घकाळ चालणारे काम मध्येच खंडित होणारच, असे गृहीत धरून त्याची आखणी करावी. महाभाराताच्या अठरा पर्वांचे रूपांतर करावयाचे असल्यास प्रत्येक पर्वाचे फलित स्वतंत्र फाइलीत लिहावे आणि ते पूर्ण व पडताळलेले झाल्यावरच त्याचे नाव एका रोजनाम्यात नोंदवावे. खंडानंतर पुन्हा सुरू केलेली आज्ञावली रोजनामा पाहून उरलेल्या पर्वांपासून कामास लागते. एकदा रूपांतरित झालेल्या मजकुरावर तीच क्रिया चुकून दुसऱ्यांदा होऊ नये, याचीही तरतूद हवी. मूळ पाठ व फलित यांच्या निर्देशिका वेगळ्या ठेवणे व मूळ निर्देशिकेस लेखनाची परवानगीच न देणे, हा त्याचा सर्वांत साधा उपाय आहे.

पडताळणी : फलित ‘बरोबर दिसते’ एवढ्यावर विसंबता येत नाही. वर उल्लेखिलेल्या महाभारताच्या संगणकीय पाठात प्रत्येक ओळीच्या आरंभी आठ अंकी क्रमांक असतो. त्यातील पहिले दोन अंक पर्वाचे, पुढील तीन अध्यायाचे व अखेरचे तीन श्लोकाचे असून त्यांना जोडून चरणदर्शक रोमन अक्षर येते. भगवद्गीता या आवृत्तीत भीष्मपर्वाच्या तेविसाव्या अध्यायापासून चाळिसाव्यापर्यंत असल्याने तिचा पहिला श्लोक ०६०२३००१ या क्रमांकाचा ठरतो. अशा रचनेमुळे पर्लची नमुना-जुळणी थोडक्यात पुष्कळ काही तपासू शकते : प्रत्येक ओळीस क्रमांक आहे काय, क्रमांक चढत्या क्रमाने येतात काय, मध्ये एखादा गळाला आहे काय, आदिपर्वाचे २२५ अध्याय भरतात काय, गीतेचे सातशे श्लोक पुरे होतात काय. या मोजणीत कमी पडलेला एक आकडाही फाइलीचे नामांतर रोखण्यास पुरेसा मानावा.

मोजणीने गळती कळते, बदल कळत नाही. त्यासाठी आणखी दोन उपाय आहेत. एक, उलट रूपांतराचा : नव्या संकेतनातून जुन्यात परत येऊन मूळ फाइलीशी बाइटागणिक तुलना करणे. दुसरा, ठशाचा : ‘डायजेस्ट’ वर्गातील साधनांनी फाइलीच्या संपूर्ण मजकुरावरून एक निश्चित लांबीची संख्या काढतात. मजकुरात एका बाइटाचाही फरक पडला तर ही संख्या बदलते. मूळ पाठाचा ठसा वेगळा नोंदवून ठेवल्यास अनेक वर्षांनीही तो पाठ अविकृत आहे की नाही हे सांगता येते.

मर्यादा व महत्त्व : आज्ञावली कितीही सावध असली तरी तबकडीच निकामी झाल्यास ती काही करू शकत नाही. म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रतींना पर्याय नाही. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर झालेल्या हल्ल्यात तेथील ग्रंथसंपदेची हानी झाली, तेव्हा एकाच वास्तूत साठविलेला ठेवा किती असुरक्षित असतो याची जाणीव सर्वांस झाली. संगणकीय प्रतींमुळे ग्रंथातील शब्द अनेक ठिकाणी नांदू शकतात. परंतु मूळ पाठात मूक बिघाड शिरलेला असेल, तर प्रतींची संख्या त्या बिघाडाचाच प्रसार करते. पूर्वी एका लेखकाची चूक त्याच्या पोथीवरून केलेल्या नकलांपुरती मर्यादित असे आणि अन्य शाखांच्या पोथ्यांवरून ती ओळखता येई. चिकित्सक आवृत्तीची सारी पद्धती या शक्यतेवर उभी आहे. आता सर्व प्रती एकाच फाइलीपासून निघत असल्याने तुलनेसाठी वेगळी शाखा उरत नाही. ‘ओपन’च्या उत्तराची तपासणी, ‘क्लोज’ची खात्री, जुनी प्रत नवी सिद्ध होईपर्यंत राखणे व प्रत्येक शंकेची नोंद ठेवणे, या गोष्टी आज्ञावलीत फार तर दहावीस ओळींची भर घालतात. जुन्या संकेतनांतील मराठी मजकूर वाचू शकणारे संगणक व माणसे दोन्ही विरळ होत असताना त्याचे रूपांतर पुष्कळदा एकदाच होणार आहे. त्या एका खेपेत राहिलेला दोष पुढील वाचकांच्या दृष्टीने मूळ पाठच ठरतो.